नारानागची उतरण

काश्मीर ग्रेट लेक्स ट्रेकबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय. जाण्याआधी मी त्यातलं हाती लागेल ते सगळं वाचलं. विशनसरच्या पाण्याचा रंग, गडसरची फुलं, निचनई खिंडीतला वारा, सगळं तोंडपाठ झालं होतं. पण शेवटच्या दिवसापाशी आलं की जो तो घाईत. "मग नारानागला उतरलो आणि गाडीने श्रीनगर गाठलं," एवढ्यावर विषय संपतो. मला मात्र त्या दिवसाबद्दलच लिहायचंय. सगळा ट्रेक आवडला, पण कळला तो त्या उतरणीवर.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. नोकरीतली बरीच वर्षं नदीचा विसर्ग मोजण्याच्या कामावर गेली. कुठल्या पुलाखालून सेकंदाला किती पाणी गेलं, रात्रीतून पातळी किती चढली, कागदावरची आवक आणि प्रत्यक्षातली आवक यांचा मेळ बसतो का, हेच बघत आले. त्यात जन्म माण तालुक्यातला. वाहतं पाणी दिसलं की ते कुठून आलं आणि कुठे निघालं हे विचारल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. माझ्याबरोबर माझी भाची होती, पुण्यात नोकरी करणारी, सह्याद्रीतले किल्ले पालथे घातलेली. हिमालयात ती पहिल्यांदाच आली होती. तिला उंचीचं वेड आणि मला पाण्याचं. जोडी चांगली जमली.

आधीच्या दिवसांबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय शेवट कळायचा नाही. ट्रेक सोनमर्गजवळच्या शितकडीपासून सुरू होतो. तिथे सिंध नदी आहे. ही सिंध म्हणजे लडाखातून येणारी मोठी सिंधू नव्हे. झोजीलाच्या बाजूने येऊन पुढे झेलमला मिळणारी काश्मीरची आपली सिंध. तिला मागे टाकून भूर्जाच्या जंगलातून निचनईच्या ओढ्याकाठी चढत जायचं. ओढ्याचं पाणी आपल्या उलट, खाली सिंधेकडे धावत असतं. निचनई खिंड साधारण ४,१०० मीटरवर. ती ओलांडून पलीकडे उतरायला लागलो, बाजूला एक धबधबा दिसला, आणि माझ्या लक्षात आलं की आता पाणी आमच्याच दिशेने चाललंय. भाचीला थांबवून म्हटलं, "अगं, आपण पाणलोट बदलला."

विशनसर, किशनसर, गडसर ही तिन्ही सरोवरं या पलीकडच्या पाणलोटातली. किशनसरचं पाणी विशनसरमध्ये येतं, तिथून ओढा होऊन किशनगंगेत जातं. किशनगंगा गुरेझमधून नियंत्रण रेषेपलीकडे जाते, तिकडे तिला नीलम म्हणतात, आणि मुझफ्फराबादला ती झेलमला मिळते. म्हणूनच या वाटेवर लष्कराच्या चौक्या आहेत आणि ओळखपत्र दाखवून नाव लिहून पुढे जावं लागतं. गडसरची खिंड सगळ्यात उंच, जवळपास ४,२०० मीटर. खिंडीतून मागे वळलं की विशनसर आणि किशनसर एकाच नजरेत मावतात. ते दृश्य तुम्ही फोटोत पाहिलेलं असणार, मी आणखी वर्णन करत नाही. सतसरनंतर दगडांचा मोठा खच लागतो. एका धोंड्यावरून दुसऱ्यावर पाय टाकत जायचं, आणि धोंडा हलणारा आहे की बसलेला हे पाय टाकल्यावरच कळतं. काठी इथे फारशी कामाची नाही, हात मोकळे असलेले बरे.

आणि मग झाज खिंड.

झाज खिंडीत पोचलो तेव्हा ढग खाली होते. अर्धा तास बसून राहिलो. आमचे वाटाडे चाचा नारानागच्या बाजूचे, साठीच्या आसपासचे. ते म्हणाले, "बैठो दीदी, हरमुख अपने टाइम पे दिखाता है." ढग फाटले तसं आधी खाली गंगाबल दिसलं, मग त्याच्या शेजारचं लहान नुंदकोल, आणि शेवटी वर हरमुख, ५,१४२ मीटर. शिखरावरची हिमनदी तुटून लोंबकळत होती, तिच्या खालच्या कड्यावरून पांढऱ्या धारा उतरत होत्या. इतक्या लांबून त्या हलताना दिसत नव्हत्या.

हरमुख पाहून मला आणखी एक जण आठवला. १८५६ च्या सप्टेंबरात टी. जी. माँटगोमेरी नावाचा सर्वेक्षण खात्यातला तरुण अधिकारी हरमुखच्या एका माथ्यावर थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, लावून बसला होता. तिथून दोनशे किलोमीटरहून लांब काराकोरममध्ये त्याला दोन ठळक शिखरं दिसली. वहीत त्याने काराकोरमचा 'के' घेऊन त्यांना के-१ आणि के-२ अशी नोंद दिली. के-१ ला पुढे मशेरब्रुम हे स्थानिक नाव मिळालं. के-२ ची वहीतली नोंदच जगभर नाव म्हणून राहिली. मोजणीच्या कामात आयुष्य गेलेल्या माणसाला या गोष्टीचं काय वाटतं ते शब्दांत सांगणं कठीण आहे. थंडीत, वाऱ्यात उभं राहून एक माणूस आकडे लिहितो, आणि त्या वहीतली दोन अक्षरं पृथ्वीवरच्या दुसऱ्या क्रमांकाच्या शिखराला कायमची चिकटतात.

मुक्काम नुंदकोलच्या काठी पडला. गंगाबल तिथून थोडं वर, मधल्या ओढ्यावर लाकडी ओंडक्यांचा साकव आहे तो ओलांडून जायचं. गंगाबल सुमारे अडीच किलोमीटर लांब आणि एक किलोमीटर रुंद, ३,५७५ मीटर उंचीवर. काश्मिरी पंडितांसाठी ही गंगाच. पूर्वी इथे अस्थी विसर्जन करायला येत. भाद्रपद शुद्ध अष्टमीला, गंगाअष्टमीला, इथे यात्रा भरते. मध्ये खंड पडला होता, २००९ पासून ती पुन्हा सुरू झाली. तिथी ऐकली आणि मी चमकले. भाद्रपद शुद्ध अष्टमी म्हणजे आमच्याकडे बहुधा गौरीपूजनाचा दिवस.

सासरी आमच्याकडे खड्याच्या गौरी असतात. साताऱ्यात राहतो, त्यामुळे खडे कृष्णेवरून येतात. निघताना सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं, "गौरी बसायच्या आत ये म्हणजे झालं. आणि त्या गंगेवर जाणारच आहेस तर खडे तिथलेच आण." त्यांचं वय आता ऐंशीच्या पुढे. कुठे जायचं म्हटलं की त्यांना जागेचं नाव नको असतं, पाण्याचं नाव हवं असतं. गंगाबलच्या काठी वाकून मी खडे निवडले. पाणी इतकं गार की बोटं पहिल्यांदा दुखली आणि मग काही कळेनासंच झालं. राखाडी, चपटे, एकमेकांवर घासून गुळगुळीत झालेले. एकात पांढरी शीर होती, कडेपासून कडेपर्यंत सरळ गेलेली. पाच घेतले. भाचीने ते आपल्या लोकरी मोज्यात घालून पिशवीच्या तळाशी ठेवले आणि म्हणाली, "मावशी, आजीला सांग, खडे मी वागवले."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तंबूतून लवकर बाहेर पडले. नुंदकोलमधून पाणी जिथे बाहेर पडतं तिथे गेले. आमच्या भाषेत सांडवा. अशी सरोवरं हिमनदीने तयार केलेली असतात. वरून सरकत येणारा बर्फ खोलगट कोरतो, पुढे ढकललेल्या दगडमातीचा आडवा बांध पडतो, बर्फ मागे हटला की त्यामागे पाणी साठतं. बांधाची जी जागा सगळ्यात खाली तिथून ते वाहून जातं. ना आखणी, ना टेंडर, आणि हजारो वर्षं उभा.

पहाटेची वेळ मी मुद्दाम निवडली होती. हिमनदीच्या पाण्याला दिवसरात्रीची लय असते. ऊन चढलं की वितळ वाढते आणि दुपारनंतर ओढे फुगतात. रात्री गारठलं की पहाटे पाणी ओसरतं. वाटेतले ओढे सकाळी लवकर ओलांडायचा चाचांचा आग्रह होता तो यासाठीच. पण सरोवराच्या खालच्या अंगाला ही चढउतार फारशी जाणवत नाही, कारण आलेलं पाणी आधी सरोवर पोटात घेतं आणि मग सावकाश सोडतं. काठच्या एका दगडावर आदल्या संध्याकाळी मी कोळशाने रेघ मारून ठेवली होती. सकाळी पाणी रेघेच्या जेमतेम दोन बोटं खाली होतं. वरच्या साकवाखालचा ओढा मात्र चांगलाच उतरलेला दिसला.

मग मोजलंच. हाताशी यंत्र नव्हतं, पण तरंगत्या काडीने वेग काढायची जुनी पद्धत आहे. काठाचा सरळ भाग बघायचा, दोरीने अंतर आखायचं, वर काडी टाकायची आणि खालच्या खुणेपाशी येईपर्यंत सेकंद मोजायचे. भाची वर उभी राहून काड्या टाकत होती, मी खाली घड्याळ घेऊन. काही काड्या दगडाला अडकल्या, त्या सोडल्या. नीट आलेल्यांची सरासरी घेतली. पृष्ठभागाचा वेग सेकंदाला एक मीटरच्या थोडा वर. पृष्ठभागावर पाणी सरासरीपेक्षा जास्त पळतं म्हणून तो ०.८५ ने गुणायचा. पात्र सात मीटर रुंद, काठीने चाचपलेली सरासरी खोली अर्धा मीटर. हिशेब आला सेकंदाला साडेतीन घनमीटर, म्हणजे सव्वाशे क्युसेकच्या आसपास. ढोबळ आकडा आहे, वहीत सही करून देण्यासारखा नाही, पण चुकला तरी फार चुकणार नाही.

सव्वाशे क्युसेक म्हणजे दिवसाला तीस कोटी लिटर. दहा हजार लिटरचे तीस हजार टँकर.

हा हिशेब मी पुण्यामुंबईच्या माणसासाठी केलेला नाही, माझ्यासाठी केला. लहानपणी आमच्या गावात टँकर आला की शाळा सुटायची. कुणी सोडायचं नाही, आपोआप सुटायची. विहिरीत टँकर उपसला जायचा आणि बायका पोहरे घेऊन कडेला उभ्या असायच्या. वडील कधीतरी सायकलवरून राजेवाडीच्या ब्रिटिशकालीन तलावावर घेऊन जायचे, पाणी असेल त्या वर्षी. तलाव बघणं हीच आमची सहल. एवढं पाणी एका जागी असतं यावर विश्वास बसायचा नाही. नुंदकोलच्या काठी काडीमागून काडी वाहत जाताना मला तो सायकलचा कॅरियर आठवला आणि रडू आलं. भाचीने काही विचारलं नाही. तिने पुढची काडी टाकली.

आता उतरणीकडे येते.

नुंदकोल साधारण साडेतीन हजार मीटरवर आहे आणि नारानाग एकवीसशे मीटरच्या आसपास. म्हणजे एका दिवसात जवळजवळ चौदाशे मीटर खाली. कळसूबाई समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर आहे, यावरून अंदाज करा. अंतर दहा-बारा किलोमीटरच आहे, पण उतार सारखा वाटून आलेला नाही. सुरुवातीला कुरणं, थोडे चढ, थोडे उतार, वाट मऊ. त्रुनखोलचं मोठं कुरण येईपर्यंत वाटतं की लोक उगीच घाबरवतात. खरी उतरण जंगलात शिरल्यावर, आणि तीही पाय दमल्यावर.

त्रुनखोलला गुज्जरांचे ढोक आहेत. अर्धे जमिनीत दबलेले, जाड ओंडक्यांचे, वर मातीचं धाबं आणि धाब्यावर गवत. एका ढोकाबाहेर एक बाई मक्याच्या रोट्या भाजत होती. तिने चाचांना हाक मारली, आम्हालाही बसवलं. रोटी आणि मिठाचा चहा. त्यांचं कुरणावरचं बिऱ्हाड आवरायचे दिवस जवळ आले होते. पहिलं हिम पडायच्या आत जनावरं घेऊन खाली जायचं, पुढे काही कुटुंबं पार जम्मूच्या बाजूला. तिने मला विचारलं, "घुटने ठीक हैं?" वय बघूनच विचारलं असणार. मी हो म्हटलं. तिने माझ्या काठ्या हातात घेतल्या, उंची बघितली आणि खूण केली की लांब कर. उतरताना काठी चढताना असते त्यापेक्षा थोडी लांब हवी, म्हणजे ती पुढे टेकते आणि भार गुडघ्याऐवजी दंडावर जातो. रोज याच वाटेने वरखाली करणाऱ्या बाईने ते न बोलता दाखवलं. काठ्या लांब केल्या, आणि पुढच्या चार तासांत तिची किती वेळा आठवण झाली सांगता येत नाही.

जंगलात शिरताना आधी विरळ भूर्ज, मग फर, मग कैल आणि देवदार. अनेक दिवस उघड्या कुरणांवर काढल्यावर पहिल्यांदा डोक्यावर सावली आली. वाट मात्र वाईट. घोड्यांच्या खुरांनी माती पीठ झालेली, तिच्यावर सुकलेल्या सुया, खाली सुटे दगड. पाय आडवा टाकायचा, टाच आधी रुतवायची, भार टाकायचा, मग दुसरा. वेग धरला की गुडघा ओरडतो आणि फार हळू गेलं की मांड्या थरथरतात. आपापली लय सापडेपर्यंत कुणाशी बोलू नये हे बरं. सामानाचे घोडे मागून आले की डोंगराच्या अंगाला उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. हे चाचा प्रत्येक वेळी ओरडून सांगत होते आणि प्रत्येक वेळी सांगणं गरजेचं होतं.

आणि सोबतीला ते पाणी. नुंदकोलवरून निघालेला ओढा उजवीडावीकडे कुठेतरी खोल दरीत असायचा. दिसायचा क्वचितच. वळणावर झाडं विरळ झाली की पांढरी पट्टी दिसे, एखादी उंच उडी दिसे, की पुन्हा आड. पण आवाज सुटला नाही. वर कुरणात तो बारीक होता. मध्ये जंगलात आजूबाजूने झरे मिळाले तसा भरत गेला. शेवटच्या टप्प्यात इतका मोठा झाला की भाचीला हाक मारायची तर गळा ताणावा लागे. सकाळी काड्या टाकून मोजलेलं पाणी आता आपल्याशी बरोबरी करत उतरतंय, आणि आपल्यापेक्षा कितीतरी आधी खाली पोचणार आहे, हे मला सारखं जाणवत होतं. इतकी वर्षं मी पाण्याला एका जागी उभं राहून मोजलं. पुलावर उभं राहायचं, ते खालून जायचं, आकडा लिहायचा. त्याच्याबरोबर उगमापासून चालत येण्याची वेळ नोकरीत कधी आली नव्हती.

दुपार कलल्यावर खाली पत्र्याची छपरं दिसू लागली. दिसायला लागल्यापासून पोचायला तासापेक्षा जास्त लागला. नारानागच्या पहिल्या घरांपाशी आलो तेव्हा भाचीने खांद्यावरची पिशवी उतरवून रस्त्यातच बसकण मारली आणि माझा हात धरून म्हणाली, "मावशी, केलं आपण." तिचे डोळे भरले होते. तिला ट्रेक इथे संपला. पट्ट्याचे वळ खांद्यावर उमटले होते, नखं काळी पडली होती, आणि चेहऱ्यावर जे होतं ते मी तिच्या दहावीच्या निकालाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

नारानागला रस्त्याला लागूनच जुन्या मंदिरांचे अवशेष आहेत. बहुतेक लोक दमलेले असतात, गाड्या तयार असतात, तिकडे कुणी वळत नाही. कृपा करून वळा. दगडी मंदिरांचे दोन गट आहेत, एक शिव ज्येष्ठेशाचा आणि एक शिव भूतेशाचा. बांधकाम आठव्या शतकातल्या ललितादित्याच्या काळातलं मानतात. छपरं बरीचशी गेली आहेत, भिंतींचे घडीव दगड अजून जागच्या जागी बसलेले आहेत. जवळ झऱ्याचं दगडी कुंड आहे. डोंगरातून आलेलं स्वच्छ पाणी कुंडात भरतं आणि पुढे वाहत राहतं. मी बूट काढून काठावर बसले. गावातली दोन मुलं शाळेच्या गणवेशात येऊन पाणी पिऊन गेली.

बाराव्या शतकात कल्हणाने राजतरंगिणीत, म्हणजे काश्मीरच्या राजांच्या इतिहासात, या भूतेशाची एक गोष्ट लिहून ठेवली आहे. नवव्या शतकातला राजा अवंतिवर्मा इथे पूजेला आला, तर पुजाऱ्यांनी देवापुढे रानातली कडू भाजी ठेवलेली. राजाने कारण विचारलं. कळलं की देवस्थानची गावं एका बलाढ्य डामराने, म्हणजे जमीनदाराने, गिळलीत आणि देवाला नैवेद्याला काही उरलेलं नाही. तो डामर राजाच्या मंत्र्याच्या, शूराच्या, मर्जीतला. पुढे शूराने स्वतःच त्या डामराला बोलावून त्याचा शिरच्छेद करवला. मला गोष्टीतलं शेवटचं रक्त लक्षात राहत नाही, ती भाजी राहते. पुजाऱ्यांनी तक्रारीचा अर्ज केला नाही, भांडण केलं नाही. जे होतं ते पानात वाढलं आणि राजाला बघू दिलं.

याच अवंतिवर्म्याच्या दरबारात सुय्य नावाचा नदी आवरणारा माणूस होता, आणि त्याच्यासाठी मी गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं की थेट श्रीनगरला जायचं नाही. नारानागहून वांगथ नाल्याच्या काठाने खाली उतरलो. कांगनच्या आसपास हा नाला सिंधेला मिळतो. सोनमर्गला जिला मागे टाकून आम्ही डोंगरात शिरलो होतो तीच सिंध, आणि नुंदकोलवर मोजलेलं पाणी तिच्यात. खिडकीतून भाचीला दाखवलं. ती अर्धवट झोपेत होती, पण उठून बघितलंन. मग गांदरबल, आणि तिथून थोडं आडवं जाऊन शादीपूर. इथे सिंध झेलमला मिळते.

आम्ही साताऱ्याचे, संगम माहुली आम्हाला घरची. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर जाऊन घाटावर बसायची सवय. त्यामुळे संगम वाटेत असताना तो न बघता जाणं मला पटणारं नव्हतं. शादीपूरला पात्रात एक बांधीव चौथरा आहे, त्यावर चिनार. पंडित या जागेला प्रयाग मानतात. झेलम संथ आणि मातकट, सिंध अजून गार आणि वेगाची. मी खाली उतरून हात घातला. नुंदकोलइतकी गार नव्हती.

पण हा संगम मुळात इथे नव्हता. कल्हण सांगतो की सुय्याने वितस्तेचं, म्हणजे झेलमचं, पात्र वळवून सिंधेशी तिचा संगम नव्या जागी आणला. पूर आणि दुष्काळ यांनी काश्मीर खंगलं होतं. सुय्य कुणाच्या पोटचा तेही माहीत नाही. रस्त्यात मडक्यात एका चांडाळ बाईला सापडलेलं मूल, तिनेच त्याला वाढवायची सोय केली. तो म्हणायचा की पुरावर मला उपाय माहीत आहे, पण साधन नाही. लोक त्याला वेडा म्हणत. अवंतिवर्म्याने खजिना दिला. सुय्याने नाण्यांची भांडी नावेत घालून नेली आणि बारामुल्लाच्या बाजूला, जिथे दरडी कोसळून नदीचं पात्र तुंबलं होतं तिथे, मुठीमुठीने दिनार पाण्यात फेकले. उपाशी गावकरी नाण्यांसाठी पात्रात उतरले आणि त्यांनी दगड उपसून बाहेर काढले. तुंबलेलं पाणी निघून गेलं. नंतर त्याने नदीला दगडी बांध घातले, गावोगाव पाट काढले, आणि कुठल्या गावची माती किती दिवसांत सुकते हे मातीचे नमुने भिजवून बघून पाण्याच्या पाळ्या ठरवल्या. अकराशे वर्षांपूर्वी! पाळीपत्रक ठरवताना आम्ही हेच करत होतो. त्या चांडाळ बाईच्या आठवणीसाठी एका गावाला त्याने तिचंच नाव दिलं.

हे सगळं मी भाचीला सांगत होते तेव्हा गाडीवाला शेजारी उभा राहून ऐकत होता. मधेच म्हणाला, "सुय्या? सोपोर उसी के नाम से है, मैडम. सुय्यापुर. मैं वहीं का हूँ." मग त्याने हाताने दाखवलं की नदी इकडून वुलर सरोवरात जाते आणि पलीकडे सोपोरला बाहेर निघते. भाचीने विचारलं, "आणि विशनसरचं पाणी? ते तर पलीकडे गेलं ना?" तेही, म्हटलं, थोडंफार वुलरलाच येतं. गुरेझला किशनगंगेवर धरण आहे, तिथून तेवीस किलोमीटरहून लांब बोगदा डोंगराखालून बांदीपोरच्या बाजूला काढलाय. ३३० मेगावॅटचा प्रकल्प, २०१८ मध्ये सुरू झाला. वीज झाली की पाणी वुलरमध्ये. आपण खिंडी चढून ओलांडलेला पाणलोट ते आता खालून ओलांडतं. तिने फोनवर नकाशा उघडला, वुलर मोठं केलं आणि कडेकडेने बोट फिरवत बसली.

सोपोरला जायला त्या दिवशी वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान होतं, आणि घरी गौरीची तयारी खोळंबलेली. गाडीवाल्याने त्याचा नंबर भाचीच्या फोनमध्ये घातला आणि सांगितलं की एप्रिलमध्ये या, सफरचंदाच्या बागा फुललेल्या असतात, नदीलाही तेव्हा भरपूर पाणी असतं. किती भरपूर, असं मी विचारलं. तो म्हणाला, "वो आप नाप लेना." एप्रिलची रजा मिळते का हे भाची बघतेय.